गाणं फुकट सोडायचंय? आधी सही कुठे केलीय ते बघा

गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावचे एक भजनी बुवा मोबाईल नाचवतच माझ्या स्टुडिओत आले. स्टुडिओ म्हणजे कुडाळजवळच्या घराची मागची पडवी. भिंतीला गोणपाट आणि जुन्या गाद्या, वर कौलं. पावसात कौलांचा आवाज माईकमध्ये शिरतो, म्हणून गंभीर काम दिवाळीनंतरच. बुवांनी डबलबारीतला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यातला, स्वतःचा गजर यूट्यूबवर चढवला होता आणि त्यावर कॉपीराइटचा दावा आला होता.

"गाणा माझा, आवाज माझो, मगे माकाच नोटीस कित्याक इली?"

शब्द बुवांचे होते, आवाजही त्यांचाच. चाल मात्र एका गाजलेल्या सिनेगीताची. बारीत हे चालतं, किंबहुना त्यातच मजा असते. समोरच्या बुवाने ज्या चालीवर टाकलं त्याच्या वरचढ चाल काढायची आणि मांडवातून शिट्ट्या घ्यायच्या. पण यूट्यूबची यंत्रणा मांडवात बसलेली नसते. तिच्याकडे कंपन्यांनी दिलेल्या मूळ गाण्यांचा साठा असतो आणि नुसती चाल जुळली तरी ती दावा ठोकते.

बुवांना समजावताना जे जे बोललो, ते मालवण, देवगड, चिपळूणकडून येणाऱ्या नव्या पोरांनाही दरवेळी सांगावं लागतं. त्यातल्या अनेकांना आपली गाणी लोकांना फुकट द्यायची असतात, त्याच वेळी रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेत नावही घालायचं असतं. दोन्ही जमू शकतं. पण क्रम चुकला की गोंधळ होतो, म्हणून हे क्रमाने.

पहिली पायरी : गाण्याचे तुकडे करा

कायद्याच्या नजरेत तुमचं एक गाणं म्हणजे एक वस्तू नव्हे. शब्द ही एक कृती, चाल ही दुसरी, रेकॉर्डिंग ही तिसरी. शिवाय गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा स्वतंत्र हक्क असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ही विभागणी आहे आणि पैसे गोळा करणाऱ्या संस्थाही तशाच वेगवेगळ्या आहेत.

शब्द आणि चाल यांच्यासाठी आयपीआरएस, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी. ही १९६९ ची, मुंबईची. गीतकार, संगीतकार आणि त्यांचे प्रकाशक तिचे सदस्य असतात. २०१२ मध्ये कायदा बदलल्यानंतर तिची कॉपीराइट संस्था म्हणून नव्याने नोंदणी झाली ती २०१७ साली. गायकांसाठी २०१३ मध्ये इस्रा नोंदली गेली. पुढे वादकांनाही सामावून घेत ती इसाम्रा झाली. रेकॉर्डिंगच्या मालकांच्या बाजूला १९४१ पासूनची पीपीएल आणि २०२१ मध्ये नोंदणी झालेली आरएमपीएल या संस्था. या बाजूला परवाना नेमका कोणी द्यायचा यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. घरी रेकॉर्ड करणाऱ्या नवख्याने त्यात डोकं घालायचं कारण नाही. सुरुवातीला तुमचा संबंध येणार तो आयपीआरएसशी.

आता बुवांचा गजर बघा. शब्द बुवांचे, चाल कुणा संगीतकाराची, रेकॉर्डिंग माझ्या मशीनवर पण खर्च बुवांचा, मृदुंगावर त्यांचा भाचा. चार तुकडे, आणि त्यातला चालीचा तुकडा आपल्या हातात नाहीच. जे आपलं नाही ते फुकटही देता येत नाही आणि विकताही येत नाही. म्हणून पहिला सल्ला कटू आहे: इंटरनेटवर सोडायच्या गाण्याला चाल स्वतःची बांधा.

दुसरी पायरी : कागद

हा भाग लोकांना कंटाळवाणा वाटतो, आणि माझ्याकडे आलेली निम्मी भांडणं इथेच सुरू झालेली आहेत. रेकॉर्डिंग झाल्यावर चहा पिताना, गाणं गाजायच्या आधी, एका कागदावर लिहून काढायचं. माझ्याकडचा एक कागद असा आहे (नावं काढली आहेत):

"गाण्याचं नाव: … शब्द: अमुक, १०० टक्के. चाल: अमुक ७०, तमुक ३०. पेटीवरचा सुरुवातीचा तुकडा तमुकने बसवला म्हणून ३०. रेकॉर्डिंगचा मालक: अमुक. मृदुंग व कोरस: एकवेळचं मानधन रोख मिळालं, गाणं कोणत्याही माध्यमात प्रसिद्ध करायला हरकत नाही. गाणं क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडायला आम्हा सर्वांची संमती आहे / नाही."

खाली तारीख, सह्या, आणि सगळ्यांच्या मोबाईलमध्ये त्याचा फोटो. वकील लागला नाही, अर्धा तास लागला. शेवटचं वाक्य मी मुद्दाम घालायला लावतो (क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे इतरांना गाणं वापरू देणारे तयार परवाने, त्याबद्दल पुढे). शब्द एकाचे आणि चाल दुसऱ्याची असेल, तर एकट्याला गाणं फुकट सोडता येत नाही.

कंपनीने गाणं मागितलं तरी घाबरून सगळं देऊन टाकू नका. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराने हक्क लिहून दिले, तरी रॉयल्टीतला समान वाटा त्यांचाच राहतो. तो वाटा सोडल्याचा करार कायदा मानत नाही. वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच तो देता येतो. "एकदाच पैसे घे आणि विसर" असं कोणी म्हणालं तर हे कलम त्याला ऐकवा. अर्थात ही सोय शब्द आणि चालीची आहे. रेकॉर्डिंगच्या मालकीचा सौदा वेगळा.

सरकारी नोंदणी केलीच पाहिजे असं नाही. गाणं लिहिलं-बांधलं त्या क्षणी हक्क तयार होतो. पुरावा भक्कम हवा असेल तर कॉपीराइट कार्यालयात ऑनलाइन अर्ज करता येतो; २०१३ च्या नियमांप्रमाणे शब्दांना किंवा चालीला प्रत्येकी ५०० रुपये आणि ध्वनिमुद्रणाला २००० रुपये. मी स्वतः फार थोड्या गाण्यांना केली. बाकीच्यांची कच्ची फाइल, तारखेसकट, स्वतःलाच ईमेल करून ठेवतो.

तिसरी पायरी : फुकट म्हणजे नक्की काय?

इथे थोडं थांबा, कारण सगळी गुंतागुंत या एका शब्दात आहे.

ऐकायला फुकट आणि वापरायला फुकट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूट्यूबवर टाकलेलं गाणं ऐकणाऱ्याला एक पैसा पडत नाही, पण म्हणून ते कोणी आपल्या जाहिरातीत घालू शकत नाही. यूट्यूबसारखे मोठे मंच संस्थांकडून परवाने घेतात आणि त्या पैशातून शब्द-चालीचा वाटा सदस्यांपर्यंत जायचा असतो. मुंबईहून शिमग्याला आलेल्या माणसाने पालखीमागे चालता चालता तुमचं गाणं मोबाईलवर ऐकावं, एवढीच इच्छा असेल तर तुम्हाला "फुकट" परवान्याची गरजच नाही. यूट्यूबवर टाका, संस्थेचं सदस्य व्हा, विषय संपला. माझ्याकडे "फुकट सोडायचंय" म्हणत येणाऱ्या दहांतल्या आठांना खरं तर हेच हवं असतं.

उरलेल्या दोघांना मात्र खरोखर हवं असतं की दुसऱ्या गावच्या मंडळाने गाणं गावं, कॉलेजच्या पोरांनी आपल्या लघुपटात वापरावं, कोणी त्यावर नवा ताल चढवावा, आणि त्यासाठी दरवेळी फोन करून विचारू नये. त्यांच्यासाठी क्रिएटिव्ह कॉमन्स. २००२ च्या डिसेंबरमध्ये या परवान्यांचा पहिला संच आला, सध्याची ४.० आवृत्ती २०१३ ची.

परवाने सहा, पण चार शब्द कळले की पुरे. "बीवाय" म्हणजे श्रेय द्या. "एनसी" म्हणजे धंद्यासाठी नको. "एनडी" म्हणजे बदल करून पसरवू नका. "एसए" म्हणजे बदल केलात तर तुम्हीही त्याच अटींवर सोडा. यांच्या जोड्या करून परवाने बनतात. आमच्याकडच्या गाण्यांना मला "बीवाय-एनसी" बरा वाटतो. "एनडी" लावला की शेजारच्या वाडीतल्या मंडळाला एक कडवं बदलून ते गाणं पुन्हा सोडता येत नाही, आणि कडवं बदललं नाही तर ते जाखडीवाले कसले!

एक गोष्ट मात्र ठळक लक्षात ठेवा. हा परवाना मागे घेता येत नाही. उद्या तुम्ही तुमच्या पानावरून तो काढू शकता, पण ज्याने आज घेतलं त्याचा हक्क, तो अटी पाळतोय तोवर, राहतोच. कुठल्या गाण्यातून पुढे चार पैसे येतील असं पोटात कुठेतरी वाटत असेल, तर ते गाणं सोडू नका. दुसरं सोडा.

चौथी पायरी : संस्थेचा फॉर्म, आणि तारकर्लीची खानावळ

मालवणकडचा एक मुलगा. गिटारवर मालवणी गाणी करतो, स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो. त्याने संस्थेच्या सदस्यत्वाचे कागद भरले आणि पुढच्या आठवड्यात सहा गाणी क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडली. तारकर्लीला त्याच्या ओळखीच्यांचं होमस्टे आहे, खाली खानावळ. त्यांनी विचारलं, "तुझी गाणी लावू ना रे स्पीकरवर? पावती नाय ना फाडूची लागणार?" हा म्हणाला, "लाव रे बिनधास्त, फुकट आसत."

चूक इथे झाली. सदस्य होताना संस्थेला हक्क लिहून दिले जातात. कायद्याच्या ३४ व्या कलमानुसार संस्था असा एकहाती अधिकार घेऊ शकते. तो दिला की सार्वजनिक ठिकाणी गाणं वाजवायचा परवाना देणं संस्थेच्या हातात जातं. "लाव बिनधास्त" म्हणायचा अधिकार त्या मुलाकडे तेव्हा उरलाच नव्हता. त्याच्या परवान्यावर विसंबून खानावळवाल्याने गाणी लावली असती आणि कोणी तपासायला आलं असतं, तर अडचण खानावळवाल्याची झाली असती. वेळेवर कळलं म्हणून निभावलं.

त्यामुळे फॉर्मवर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी शोधून वाचा. हक्क कोणते देताय: जाहीर वाजवण्याचे, प्रती काढण्याचे, की दोन्ही. कोणती गाणी: आजवरची फक्त, की पुढे करायची तीही. आणि बाहेर पडायचं कसं. ३४ व्या कलमातच दिलेला अधिकार काढून घेण्याची मुभा सदस्याला आहे, पण झालेल्या कराराच्या अटी सांभाळून. म्हणजे मुदत, नोटीस हे सगळं कागदावर काय लिहिलंय ते महत्त्वाचं. काही गाणी बाजूला ठेवून फुकट सोडायची असतील तर सही करायच्या आधी तसं ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. फोनवरचं "हो हो, चालेल" उपयोगाचं नाही.

बाहेरच्या देशांतही ही रस्सीखेच झालेली आहे. नेदरलँड्समधल्या बुमा-स्टेम्रा या संस्थेने २००७ मध्ये, तर फ्रान्सच्या सासेमने २०१२ मध्ये, आपल्या सदस्यांना बिगरव्यावसायिक परवान्याखाली गाणी सोडू देण्याचा प्रयोग केला. धंद्यासाठी वापर झाला की पैसे संस्था गोळा करणार, बाकी वापर मोकळा. जर्मनीत उलटा अनुभव. तिथल्या गेमा संस्थेच्या बाजूने कोर्टं असं गृहीत धरत आली की वाजतंय ते संगीत तिच्याच सदस्यांचं असणार. तसं नाही हे वाजवणाऱ्याने दाखवायचं. अमेरिकेत एस्कॅप आणि बीएमआय या संस्था सदस्याकडून हक्क घेतात ते एकहाती नव्हे, त्यामुळे सदस्याला स्वतंत्रपणेही परवाना देता येतो. "अमेरिकेत चालतं" असं सांगणारा व्हिडिओ बघून इथे सही करू नका, एवढ्यासाठी हे सांगितलं.

तुम्ही कुठल्याच संस्थेत नसाल तर खानावळीला परवानगी तुम्हीच देऊ शकता. तीही लेखी द्या:

"माझ्या अमुक सहा गाण्यांचे शब्द, चाल व रेकॉर्डिंग माझ्या मालकीचे आहे. ती तुमच्या खानावळीत १ ऑक्टोबर ते ३१ मे या हंगामात स्पीकरवर वाजवण्यास माझी परवानगी आहे. मोबदला नाही. जाहिरातीत वापर करायचा झाल्यास वेगळी परवानगी घ्यावी."

मुदत लिहायची विसरलात तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिला नाहीत तर भारत. एका हंगामापुरतं द्यायचं आणि पाच वर्षं अडकायचं, असं नको.

दुसऱ्या बाजूची गंमतही सांगून ठेवतो. तुम्ही सदस्य आहात आणि किनाऱ्यावरच्या रिसॉर्टमध्ये तिकीट लावून स्वतःचीच गाणी गाताय. तरी आयोजकाने संस्थेचा परवाना घ्यायला हवा. त्या फीमधून वाटा तुम्हाला यावा म्हणून काय काय गायलात त्याची यादी संस्थेला मिळाली पाहिजे. यादी नाही तर वाटा कुणाला द्यायचा? ही यादी द्यायला लोक हटकून विसरतात.

जत्रेतलं दशावतार, देवळातलं भजन यांची काळजी नको. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभातल्या सादरीकरणाला ५२ व्या कलमात सूट आहे. लग्नाची वरातही त्यात येते. ही सूट मांडवातली. तेच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकलं की संपली.

पाचवी पायरी : वितरक आणि माझा झालेला पोपट

स्पॉटिफाय, ॲपल म्युझिकवर गाणं थेट चढवता येत नाही, मध्ये वितरक लागतो. तो प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी हा १२ अक्षरी-अंकी क्रमांक देतो. तो वहीत लिहून ठेवा. वितरक बदलला तरी रेकॉर्डिंगचा क्रमांक तोच ठेवायचा. नाहीतर गाणं किती वेळा वाजलं याचा हिशेब शून्यापासून.

वितरकाकडून येतात ते रेकॉर्डिंगच्या बाजूचे पैसे. गीतकार-संगीतकाराचा वाटा त्यात आला असं समजू नका, तो रस्ता संस्थेचा. आणि पैशाची स्वप्नं बेताची ठेवा: २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या १२ महिन्यांत १००० वेळा न वाजलेल्या गाण्याला रेकॉर्डिंगपोटी काहीच मिळत नाही.

आता माझी गोष्ट. मी सागराच्या गाजेवर पेटीचे काही तुकडे बसवून मोफत वापरासाठी सोडले होते. देवबागला पहाटे रेकॉर्ड केलेली गाज होती. पुढे तेच तुकडे एका वितरकामार्फत चढवताना अर्जात एक चौकोन होता: "यूट्यूबवरून कमाई करा." मी टिचकी मारली. महिन्याभरात, माझ्यावर विश्वास ठेवून ते संगीत वापरणाऱ्या एका शाळेतल्या बाईंच्या व्हिडिओवर दावा गेला. माझ्याच नावाने! त्या बाईंचा मेसेज अजून माझ्याकडे आहे: "दादा, तुम्हीच फुकट म्हणालात आणि तुम्हीच तक्रार केलीत?" काय तोंड दाखवणार?

तो चौकोन म्हणजे कंटेंट आयडी, जुळणारं गाणं शोधून दावा करणारी यूट्यूबची तीच यंत्रणा. ज्याचे हक्क फक्त तुमच्याकडे आहेत अशाच गाण्यासाठी तो आहे. क्रिएटिव्ह कॉमन्सखाली सोडलेलं संगीत त्यात टाकणं यूट्यूबच्या नियमातच बसत नाही. चूक पूर्ण माझी. वितरकाला लिहून ते तुकडे यंत्रणेतून काढून घेतले. बाईंना दाव्याविरुद्ध हरकत नोंदवायला सांगितलं, त्यात परवान्याचं नाव आणि माझ्या पानाचा दुवा घालून. हरकतीवर दावेदाराला ३० दिवस असतात. उत्तर आलं नाही की दावा सुटतो.

तेव्हा तो चौकोन रिकामा ठेवा. पानावर परवाना नेमका लिहा, आवृत्तीसकट: "क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एनसी ४.०", आणि श्रेयात काय लिहावं तेही. नुसतं "फ्री म्युझिक, एन्जॉय" लिहून काही सिद्ध होत नाही. फाइल इंटरनेट अर्काइव्ह या मोफत ऑनलाइन संग्रहावरही ठेवा; तिथे गाणं चढवतानाच परवाना निवडता येतो.

सहावी पायरी : जुनं ते सगळं मोकळं नसतं

नमन, जाखडी, गौरीची गाणी. ज्यांचा कर्ता कोणालाच माहीत नाही अशी परंपरेतली गाणी गायला कोणाची परवानगी लागत नाही. तुमच्या नव्या बांधणीवर आणि रेकॉर्डिंगवर तुमचा हक्क. मूळ गाण्यावर नाही. त्यामुळे आजीने शिकवलेलं गाणं "शब्द व चाल: मी" असं नोंदवू नका. उद्या तेच गाणारी दुसरी आजी भेटेल.

अभंगात फसगत जास्त होते. तुकोबांचे शब्द कोणाच्या मालकीचे नाहीत. पण ज्या चालीवर आपण तो अभंग रेडिओवर ऐकत मोठे झालो, ती चाल विसाव्या शतकातल्या संगीतकाराची असू शकते. कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो, मोजणी पुढच्या वर्षापासून. १९६० साली गेलेल्या संगीतकाराची चाल १ जानेवारी २०२१ पासून मोकळी. ध्वनिमुद्रणाची ६० वर्षं प्रसिद्धीपासून मोजायची. शब्द, चाल, रेकॉर्डिंग, तिन्ही वेगवेगळं तपासा. पहिल्या पायरीवरचे तुकडे इथे पुन्हा उपयोगी पडतात.

नाव नोंदवून झाल्यावर

सदस्य झालात म्हणजे गाणी आपोआप नोंदली जात नाहीत. प्रत्येक गाणं संस्थेच्या यादीत स्वतः घालावं लागतं: नाव, गीतकार, संगीतकार, वाट्याची टक्केवारी, आयएसआरसी. वर सांगितलेला चहाच्या वेळचा कागद इथे समोर ठेवून भरायचा. आणि नाव सगळीकडे एकच. आमच्या बुवांचं पॅनवर एक, बँकेत दुसरं, यूट्यूबवर "अमुक बुवा, राहणार अमुक" असं तिसरं. आधी बँकेतलं सुधारायला दोन फेऱ्या झाल्या.

गजराला त्यांनी नवी चाल बांधलीय, भैरवीच्या अंगाची. रेकॉर्डिंग पाऊस थांबल्यावर. भाच्याच्या मानधनाचा आकडा कागदावर अजून रिकामा आहे, त्यावरून मामा-भाच्यात बोलणी चालू आहेत.